टँकच्या गेमचा पुढचा भाग : प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर २०२४, औसा

या प्रकल्पाचा हेतू सुरुवातीलाच लिहून ठेवतो. जपानच्या नाम्को कंपनीने १९८५ साली फॅमिकॉम या घरगुती गेमयंत्रासाठी ‘बॅटल सिटी’ हा गेम काढला. आमच्याकडे तो अधिकृतपणे कधी आला नाही. फॅमिकॉमची नक्कल करून बनवलेली स्वस्त यंत्रे बाजारात मिळत, त्यांच्यासोबतच्या कॅसेटमध्ये इतर अनेक गेमच्या रांगेत तो असे, आणि औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर या गावांतली मुले त्याला टँकचा गेम एवढेच म्हणत. खाली मधोमध आपले ठाणे, त्याच्याभोवती विटांचे कुंपण, वरून येणारे शत्रूचे रणगाडे आणि ठाणे राखणारे दोघे जण, इतकाच त्याचा विषय आहे. या गेमचा खरा, विचारपूर्वक केलेला पुढचा भाग निघावा, अशी माझी आणि दादाची शाळेच्या वयापासूनची इच्छा आहे. ती नुसती बोलून दाखवण्यापेक्षा तो भाग कसा असावा हे चालत्या नमुन्यातून दाखवावे, आणि त्याच्या आधारे मूळ कंपनीला पाठवण्यासाठी मागणीचा मसुदा तयार करावा, असे आम्ही ठरवले आहे.

नमुना गोडो या मुक्त स्रोत गेम इंजिनात, म्हणजे गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, करत आहोत. आज्ञावली आणि नकाशे माझ्याकडे आहेत. दादाचे विद्युत उपकरणे दुरुस्तीचे दुकान आहे, त्यामुळे जुनी रिमोट, म्हणजे गेम खेळताना हातात धरायची बटणांची साधने, संगणकाला जोडण्याचे काम त्याने स्वतःहून घेतले आहे.

७ डिसेंबर

आजचा दिवस मूळ गेमच्या मोजमापांत गेला. पुढचा भाग करायचा तर आधीच्या भागात नेमके काय होते हे आठवणीवर सोडून चालणार नाही, म्हणून चित्र थांबवून थांबवून पाहिले.

मैदान १३ बाय १३ घरांचे आहे. प्रत्येक घर १६ पिक्सेलचे (पिक्सेल म्हणजे पडद्यावरच्या चित्राचा सर्वांत लहान ठिपका), म्हणजे मैदान २०८ पिक्सेल रुंद आणि तेवढेच उंच. एका फेरीत शत्रूचे २० रणगाडे येतात. ते वरच्या कडेला डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशा तीन ठिकाणांहून निघतात. त्यांतला चौथा, अकरावा आणि अठरावा लुकलुकतो, आणि त्याला गोळी लागली की मैदानात कुठेतरी बक्षीस उमटते. तारा, फावडे, घड्याळ, शिरस्त्राण, हातबाँब आणि जादा रणगाडा अशी ही सहा बक्षिसे आजही आम्हा दोघांना न पाहता सांगता येतात.

विटेचा हिशेब मात्र मुद्दाम लिहून ठेवण्याजोगा आहे. साधी गोळी विटेचा फक्त चार पिक्सेल जाडीचा थर उडवते, त्यामुळे १६ पिक्सेलचे पूर्ण घर पार करायला चार गोळ्या लागतात. रणगाडा अर्धे घर सरकून उभा असेल तर तीच गोळी शेजारशेजारच्या दोन घरांचा अर्धा-अर्धा थर नेते. त्यामुळे भिंतीत कधी चिंचोळी फट राहते, कधी पायरी तयार होते, आणि त्या फटीतून पलीकडच्या शत्रूवर नेम धरता येतो. भिंत एका गोळीत सपाट झाली असती तर या गेममधली अर्धी बुद्धी संपली असती, असे माझे ठाम मत आहे. नमुन्यात हा थरांचा हिशेब जसाच्या तसा ठेवला आहे.

दुसरी गोष्ट वळण्याची. रणगाडा वळतो तेव्हा मूळ गेम त्याला हळूच आठ पिक्सेलच्या जवळच्या रेषेवर आणून ठेवतो. खेळणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही, पण यामुळेच तो अरुंद बोळात विटेच्या कोपऱ्याला न अडखळता शिरतो. नमुन्यात ही सोय घातल्याबरोबर दादा म्हणाला, “आता हा आपला टँक वाटतो.”

१५ डिसेंबर

फॅमिकॉमच्या मर्यादा आणि त्यांतून घडलेले गेमचे रूप यांविषयी.

संपूर्ण गेम २४ किलोबाइटांत बसवलेला आहे. १६ आज्ञावलीसाठी आणि ८ चित्रांसाठी. चालू असताना वापरायला यंत्राजवळ कामाची मेमरी फक्त २ किलोबाइट असते. हलती चित्रे एकूण ६४ दाखवता येतात, पण कोणत्याही एका आडव्या रेषेत ८ पेक्षा जास्त नाहीत. प्रत्येक हलते चित्र ८ पिक्सेल रुंद असल्यामुळे एका रणगाड्याला शेजारशेजारची दोन लागतात, म्हणजे एका रेषेत चार रणगाडे आले की यंत्राची क्षमता संपते. पाचवा आला की चित्रे आळीपाळीने दाखवावी लागतात आणि रणगाडे लुकलुकू लागतात. लहानपणी अशा वेळी आम्ही अँटेनाची वायर हलवून पाहत असू.

एक जण खेळत असेल तर मैदानात एका वेळी शत्रूचे जास्तीत जास्त चार आणि दोघे असतील तर सहा रणगाडे असतात. आज यंत्राला चारशे रणगाडेही जड नाहीत, आणि जुन्या गेमच्या नव्या आवृत्त्या काढणारे बहुतेक जण पहिल्यांदा ही संख्याच वाढवतात. तसे केले की खेळणारा शत्रूंना ओळखेनासा होतो. चारच समोर असतात तेव्हा कोणता वेगाने पळणारा, कोणता चार गोळ्या खाणारा चिलखती, कोणता ठाण्याच्या दिशेने निघालेला हे डोक्यात राहते आणि दुसऱ्या खेळाडूला सांगताही येते. म्हणून पुढच्या भागात मैदान १३ बाय १३ आणि शत्रू चार किंवा सहा हेच प्रमाण राहावे, ही मसुद्यातली पहिली मागणी म्हणून आज लिहिली.

१६ डिसेंबर

पुढचा भाग आधीच निघालेला नाही का, या प्रश्नाचे उत्तर मसुद्यात द्यावे लागेल. ‘बॅटल सिटी’ स्वतःच नाम्कोच्या १९८० सालच्या ‘टँक बटालियन’ या आर्केड गेमचा, म्हणजे बाहेर नाणे टाकून खेळायच्या यंत्रावरच्या गेमचा, विस्तार आहे. १९९१ साली त्याच कंपनीने ‘टँक फोर्स’ नावाचा आर्केड गेम काढला, आणि २०१७ मध्ये स्विच या गेमयंत्रासाठी निघालेल्या ‘नाम्को म्युझियम’ या संग्रहात तोही घेतला. म्हणजे वंशावळ आहे. तो गेम चांगला आहे, शस्त्रे जास्त आहेत, रंग जास्त आहेत. पण ज्या एका सोयीसाठी आम्ही पुढच्या भागाची वाट पाहत राहिलो ती, म्हणजे स्वतः काढलेला नकाशा जपून ठेवण्याची सोय, १९८५ पासून अपुरी राहिली आहे. तिच्याविषयी स्वतंत्र नोंद करीन.

२९ डिसेंबर, नळदुर्ग

नमुन्यातले नकाशे मराठवाड्यातल्या भुईकोटांवरून काढायचे, हे दादाचे म्हणणे मला पहिल्या दिवसापासून पटले आहे. देवगिरीचे वैभव उंचीत आहे, त्यामुळे वरून पाहिलेल्या सपाट नकाशात तो किल्ला मावत नाही. औसा, परंडा, कंधार यांची रचना मात्र तट, खंदक, आतला तट अशी जमिनीवरच उलगडते, आणि वीट, लोखंड, पाणी, झाडी, बर्फ एवढ्याच पाच गोष्टींतून मैदान उभे करणाऱ्या गेमला ती सहज जुळते. बर्फाचे आमच्या भागात काय करायचे हा प्रश्न मात्र उरतो. पावसाळ्यातली काळी जमीन, म्हणजे निसरडा चिखल, हे त्याचे उत्तर म्हणून सध्या धरले आहे. घसरण्याचा नियम तोच, रंग वेगळा.

आज नळदुर्ग पाहिला तो धरणासाठी. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरी नदी किल्ल्यातून वळवून मुख्य किल्ला आणि रणमंडळ हा त्याचा जोडकिल्ला यांच्यामध्ये हा बंधारा घातला गेला. बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे, आणि नर व मादी अशी नावे असलेल्या दोन सांडव्यांतून पाणी खाली कोसळते. मी बंधाऱ्यावर उभा राहून दोन्ही बाजू वहीत रेखाटल्या. एका बाजूला अडवलेले पाणी, दुसऱ्या बाजूला खाली उतरून पुढे गेलेले पात्र, आणि मधून रणमंडळाकडे जाणारी वाट. नंतर उपळी बुरुजावर चढलो. वर लांबच लांब तोफा आहेत, आणि तिथून सगळा किल्ला जवळजवळ नकाशासारखाच दिसतो. घरे मोजून कागदावर उतरवण्याचे बहुतेक काम तिथेच झाले.

गेममध्ये पाण्यावरून रणगाडा जाऊ शकत नाही, पण गोळी जाते. म्हणजे नळदुर्गच्या नकाशात बंधारा ही एकाच रणगाड्याच्या रुंदीची वाट होईल, आणि तिच्यावर शिरलेला खेळाडू दोन्ही बाजूंनी उघडा पडेल. एकट्याने तिथून जाणे जवळजवळ अशक्य आहे. दुसऱ्याने पाण्याच्या काठाने चालत त्याला आडोसा द्यावा लागेल, पलीकडचा शत्रू पाण्यावरूनच टिपावा लागेल. चार शतकांपूर्वीच्या बांधकामातून दोन खेळाडूंचा इतका चांगला नकाशा आयता हाती यावा, याचा मला फार आनंद झाला. तिथे तटाच्या सावलीत बसून दादा बराच वेळ त्या वाटेवरच्या चालींची मांडणी करत होता.

५ जानेवारी २०२५

हक्कांविषयी थोडक्यात. गेमचे नियम कुणीही वापरू शकतो, पण नाव, चित्रे आणि संगीत मूळ कंपनीचे आहे. २००५ मध्ये नाम्को आणि बांदाई या कंपन्या एकत्र आल्या, त्यामुळे मसुदा बांदाई नाम्कोला उद्देशून असेल. नमुन्यातले प्रत्येक चित्र आणि आवाज आम्ही स्वतः तयार करू, आणि त्याचे कामचलाऊ नाव ‘भुईकोट’ असे राहील.

१४ जानेवारी, संक्रांत

दादाने दोन्ही जुनी रिमोट संगणकावर चालू केली. आतली रचना साधी आहे. रिमोट आठ बटणांची स्थिती एकदम टिपून घेते आणि मग एकामागून एक करून एकाच तारेवरून पाठवते. क्रम ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे असा ठरलेला असतो. वीज आणि जमीन या दोन तारा सोडल्या तर ‘आता टिपा’, ‘पुढचे द्या’ आणि उत्तर अशा तीनच तारांचे काम आहे. दादाने त्या अर्डुइनो या आज्ञावली भरता येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक पाटीला जोडल्या, आणि संगणकाला ती पाटी कीबोर्ड असल्यासारखी दिसते. पिवळ्या पडलेल्या रिमोटचे रबर त्याने स्पिरिटने पुसून घेतले. डाव्या अंगठ्याखाली तो चार दिशांचा कठीण तुकडा आला आणि हाताला सगळे ओळखीचे वाटले.

तिळगुळासाठी घरी आलेली मुले दुपारभर खेळली. दादाची मुलगी आठवीत आहे, मुलगा चौथीत. मूळ गेममध्ये सोबत्याला आपली गोळी लागली तर तो मरत नाही, काही क्षण जागीच खिळतो. हा नियम मी काही वर्षे विसरलो होतो आणि त्याची किंमत आज पुन्हा कळली. ठाण्यापाशी थांबलेल्या बहिणीला धाकट्याची गोळी लागली, ती खिळली, नेमका त्याच वेळी डावीकडून एक वेगवान रणगाडा आत आला, आणि धाकट्याला वरचा तारा सोडून धावत खाली यावे लागले. “ताई, तू हलू नको, मी आलो,” असे तो ओरडत होता. तिला हलता येत नाही हे तो त्या घाईत विसरला होता.

दोघांनी एका खोलीत, एका पडद्यासमोर, एकच ठाणे राखायचे हा या गेमचा गाभा आहे. इंटरनेटवरून खेळण्याची सोय पुढच्या भागात खुशाल असू द्यावी, पण ती नंतरची गोष्ट आहे. एक पडदा आणि दोन रिमोट यांवर हा गेम पूर्ण खेळता आलाच पाहिजे, ही दुसरी मागणी.

२६ जानेवारी

आता नकाशांविषयी.

मूळ गेमच्या पहिल्या पडद्यावर एक खेळाडू, दोन खेळाडू यांच्याखाली ‘कन्स्ट्रक्शन’ हा तिसरा पर्याय आहे. तो निवडला की रिकामे मैदान मिळते आणि आपण घरोघर फिरून विटा, लोखंड, पाणी, झाडी मांडायची. १९८५ साली मुलांच्या हाती दिलेली ही फार मोठी देणगी होती. पण कॅसेटमध्ये ते लिहून ठेवायला जागा नव्हती. नकाशा एका वेळी एकच, आणि तोही यंत्राच्या कामाच्या मेमरीत. वीज गेली की पुसला जाई. आमच्या भागात भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज कधी जाईल याचे वेळापत्रक असे, आणि ते पाळले जाईलच असे नसे. दादाने काढलेले नकाशे मला आजही आठवतात, त्यांतला एकही शिल्लक नाही. पुढच्या भागाची माझी इच्छा मुळात इथून सुरू झाली, आणि मसुद्यातली तिसरी मागणी, सर्वांत मोठी, हीच आहे : मुलांनी काढलेला नकाशा टिकला पाहिजे आणि दुसऱ्या घरी नेता आला पाहिजे.

आज संगणकावर फाइल साठवणे काहीच अवघड नाही, नमुन्यात ती सोय आहे. पण तो नकाशा यंत्राशिवायही टिकावा असे मला वाटते, म्हणजे वहीच्या पानावर. त्याचा हिशेब आज जुळला.

मूळ गेममध्ये एका घरात मांडता येणारे प्रकार १४ आहेत : पूर्ण वीट आणि तिचे चार अर्धे भाग, तसेच लोखंडाचे पाच, शिवाय पाणी, झाडी, बर्फ आणि रिकामी जागा. चौदा प्रकारांसाठी चार बिट (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक) पुरतात. एका ओळीत १३ घरे, म्हणजे ५२ बिट. मराठी वर्णमालेतून ङ आणि ञ बाजूला ठेवले, क्ष आणि ज्ञ ही जोडाक्षरे वगळली, की क पासून ळ पर्यंत बरोबर ३२ व्यंजने उरतात, आणि ३२ चिन्हे म्हणजे प्रत्येकी पाच बिट. अकरा अक्षरांत ५५ बिट मावतात. म्हणजे नकाशाची एक ओळ वहीच्या एका ओळीत अकरा अक्षरांनी लिहिता येते, आणि वर तीन बिट शिल्लक राहतात. पूर्ण नकाशा तेरा ओळींचा होतो, वहीच्या एका पानात आरामात बसणारा.

शिल्लक तीन बिटांचा उपयोग असा केला. एक बिट ओळीतल्या एकूण बिटांची सम-विषमता सांगतो, उरलेले दोन ओळीच्या क्रमांकाला चारने भागून राहणारी बाकी सांगतात, त्यामुळे मधली एखादी ओळ उतरवायची राहिली तर यंत्राला कळते. घाईच्या हस्ताक्षरात घ आणि ध, भ आणि म, प आणि ष, ब आणि व, थ आणि य यांची गल्लत होते. या जोड्यांना मुद्दाम असे आकडे दिले की त्यांच्यात एकाच बिटाचा फरक पडावा; जोडीतले एक अक्षर चुकून दुसऱ्याच्या जागी आले की सम-विषमता बिघडते आणि ती ओळ लगेच नाकारली जाते. नळदुर्गच्या नकाशाच्या तेरा ओळी आज मी हाताने लिहून काढल्या आणि पुन्हा भरल्या. बंधारा जागच्या जागी आला.

९ फेब्रुवारी

औशाच्या किल्ल्याचा नकाशा पूर्ण केला. बाहेरून पाण्याचे कडे, आत तटाच्या दोन ओळी. ठाण्याचे चित्र बदलले आहे : मूळ गरुडाच्या जागी आता वरून दिसणारी बारव आहे, चौकोनात चौकोन उतरत गेलेल्या पायऱ्यांची आणि मध्ये पाण्याचा निळा ठिपका असलेली. १६ पिक्सेलच्या घरात ती इतकी स्वच्छ बसते की दुसरे काही सुचवायची गरज उरली नाही.

२ मार्च

वहीची चाचणी झाली. पुतणीने स्वतः काढलेला नकाशा तेरा ओळींत उतरवला, तो कागद उदगीरला आत्याकडे गेला, आणि तिथल्या मुलांनी त्यांच्या संगणकावरच्या नमुन्यात तो भरला. सातव्या ओळीत म चा भ झाला होता. यंत्राने तीच ओळ दाखवून थांबवले, मुलांनी कागद पुन्हा पाहिला आणि दुरुस्त केला. संध्याकाळी आत्याचा फोन आला तो तक्रारीचा होता : नकाशात डावीकडचा बोळ फार अवघड आहे, आणि त्यांच्याकडच्या मुलांनी उत्तरादाखल स्वतःचा नकाशा काढायला घेतला आहे.

मसुद्यात आज चौथी आणि शेवटची मागणी घातली. मूळ गेममध्ये ३५ नकाशे आहेत, आणि पस्तिसावी फेरी जिंकली की पुन्हा पहिल्याच नकाशाकडे जावे लागते. पुढच्या भागातही कंपनीचे नकाशे ३५ च असावेत, आणि छत्तिसाव्या फेरीपासून त्या घरात भरलेले नकाशे, मुलांनी स्वतः काढलेले आणि दुसऱ्या गावांहून कागदावर आलेले, आपोआप रांगेने लागावेत. नमुन्यात ही सोय या आठवड्यात घालायची आहे. मसुदा मराठी आणि इंग्रजीत तयार आहे. जपानी भाषांतर झाले की नमुन्यासह पाठवतो.